भावावर बांधाच्या भांडणाची केस आहे, जीएनएम झाल्यावर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळेल का?

मोहोळची_ताई

नमस्कार. प्रश्न माझ्या लहान भावाचा आहे. तो सोलापुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे, पोरगा शांत आहे, अभ्यासात बरा आहे, घरात पहिल्यांदाच कुणीतरी दवाखान्याच्या लाईनला चाललंय म्हणून आईवडलांनी म्हैस विकून फी भरलेली आहे.

२०२१ च्या जूनमध्ये पेरणीच्या टायमाला आमच्या गावी भावकीत बांधावरून भांडण झालं. चुलत्यांच्या घरचे आणि आमचे. भाऊ तेव्हा १९ वर्षांचा होता, सोडवायला गेला, त्याला पण मार बसला, पण तिकडच्यांनी फिर्याद देताना आमच्या घरातल्या सगळ्यांचीच नावं घातली, वडील, मोठा भाऊ, हा, आणि आईचं पण. कलमं ३२३ (मारहाण), ३२४ (हत्यारानं मारहाण), ५०४ (शिवीगाळ), ५०६ (धमकी) आणि ३४ (सगळ्यांनी मिळून केलं) अशी आहेत. आम्ही पण त्यांच्यावर क्रॉस केस केली, तिच्यात पण हीच कलमं. दोन्हीकडं चार्जशीट गेलंय आणि मोहोळ कोर्टात नुसत्या तारखा पडायल्यात.

आता आमचे गावाकडचे वकील म्हणतात पुढच्या तारखेला सगळ्यांनी गुन्हा कबूल करा, कोर्ट थोडाफार दंड करंल, तो भरा आणि मोकळे व्हा. वडील तयार आहेत कारण प्रत्येक तारखेला रोजगार बुडतो आणि ते कंटाळलेत. मला मात्र लई काळजी वाटायलीय की यानं भावाच्या रजिस्ट्रेशनला काही अडचण येईल का? नर्सिंग कौन्सिल केस असलेल्याला रजिस्ट्रेशन देतं का? पुढं सरकारी भरतीत पोलीस व्हेरिफिकेशनला काय होईल? आणि फॉर्मवर केस लिहायची का लिहायचीच नाही? गावात एकानं सांगितलं की लिहिलंच नाही तर कुणाला कळत नाही. कुणाला अनुभव असंल तर प्लीज सांगा, तारीख जवळ आलीय.

सातरस्ता_८५

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. बांधाच्या केसेस आपल्या जिल्ह्यात घरटी एक आहेत, कोण बघतंय. दंड भरून मोकळं व्हा, तारखांना जाऊन जाऊन माणूस अर्धा होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं, आता निवांत आहेत.

फौजदारी_वकील_सोलापूर

ताई, वरचा सल्ला ऐकू नका, आणि वडलांना आजच फोन करा. मी सोलापूर जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं बघतो, अशी प्रकरणं रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दंड ही पण शिक्षाच आहे. जुन्या भारतीय दंड विधानाच्या (तुमची केस २०२१ ची म्हणून तेच लागू) कलम ५३ मध्ये शिक्षांचे जे प्रकार दिलेत त्यात फाशी, जन्मठेप, कैद यांच्या बरोबरीनं दंड आहे. कोर्टात उभं राहून "गुन्हा कबूल आहे" म्हणलं आणि पाचशे-हजार रुपये भरले की कागदावर त्या पोराची दोषसिद्धी झाली, तो "शिक्षा झालेला" माणूस झाला. आज तो फक्त आरोपी आहे, आणि या दोन्हीत लई मोठा फरक आहे. नंतर पस्तावून अपील करावं म्हणलं तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५ आडवं येतं, गुन्हा कबूल केलेल्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर अपील करता येतं ते फक्त शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदेशीर झाली एवढ्याच मुद्द्यावर, मी निर्दोष होतो हा मुद्दा तिथं संपलेला असतो.

शेती करणाऱ्या माणसाला याचं काही वाटत नाही कारण त्याला कुणी फॉर्म भरून मागत नाही. पण नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर या लोकांचं सगळं आयुष्य रजिस्टरवरच्या नावावर चालतं, आणि कौन्सिलांना खुपते ती दोषसिद्धी. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ३६ बघा, शिक्षा झाली असेल आणि त्यामुळं तो माणूस रजिस्टरवर राहायच्या लायक नाही असं कौन्सिलच्या कार्यकारी समितीला वाटलं तर नाव काढता येतं. डॉक्टरांच्या बाबतीत नैतिक अधःपतनाचा गुन्हा हा शब्द येतो. गर्भलिंग निदानाच्या कायद्यात तर याहून कडक आहे, तिथं डॉक्टरवर नुसते आरोप निश्चित झाले तरी रजिस्ट्रेशन निलंबित करायची तरतूद आहे आणि शिक्षा झाली तर पहिल्या वेळी पाच वर्षांसाठी नाव जातं. तुमच्या भावाची केस त्या जातीची अजिबात नाही. बांधावरच्या ढकलाढकलीत नैतिक अधःपतन कुठलं? पण ते ठरवणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असणार, मग त्याच्या हातात दोषसिद्धीचा कागद आपणहून कशाला द्यायचा.

अजून एक, चार आरोपी असले तरी कोर्ट प्रत्येकाला वेगळं विचारतं. वडलांनी कबूल केलं म्हणून पोरानं केलंच पाहिजे असं काही नाही. तो "गुन्हा कबूल नाही" म्हणू शकतो, वाटलं तर स्वतःचा वेगळा वकील लावू शकतो.

आता दोन गोष्टी सांगा. समोरच्या पार्टीशी बोलणं आहे का? आणि ३२४ कशामुळं लागलंय, मेडिकल सर्टिफिकेटमध्ये काय लिहिलंय?

वॉर्ड_सिस्टर

मी सोलापुरातच एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग इन्चार्ज आहे, भरतीच्या वेळी कागद माझ्यासमोरूनच जातात म्हणून लिहिते.

ताई, "लिहिलंच नाही तर कळत नाही" हे सांगणाऱ्यापासून भावाला लांब ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशनला तो हॉस्टेलच्या पत्त्यावर शहरात राहतो म्हणून शहर पोलीस आयुक्तालय येतं आणि गावचा पत्ता मोहोळ म्हणून ग्रामीण एसपी ऑफिस येतं, कुठल्या ना कुठल्या टेबलावर ती केस दिसतेच, आता सगळं ऑनलाईन आहे, ई-कोर्ट्सवर नाव टाकलं तरी तारीख निकाल सगळं समोर येतं. मी आधी ज्या हॉस्पिटलला होते तिथं एका मुलाची निवड झालेली, हाताला चांगला, आयसीयूला घ्यायचं ठरलं होतं, त्यानं फॉर्मवर "नाही" लिहिलेलं आणि व्हेरिफिकेशनमध्ये कॉलेजातल्या मारामारीची केस निघाली. ती केस एवढीशी होती, आमच्या मॅट्रन म्हणाल्या हे लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खोटं लिहिलेल्या माणसाच्या हातात औषधाच्या कपाटाची किल्ली कशी द्यायची? त्याला नाही घेतलं.

आमच्या कामात बघणारा माणूस हेच बघतो. पेशंटशी, औषधांशी, पैशांशी, सर्टिफिकेटांशी संबंध असलेली केस आहे का? झोपेच्या इंजेक्शनची चोरी, खोटी मार्कशीट, पेशंटवर हात उचलणं, असलं काही असेल तर मी स्वतः नको म्हणेन, त्यात माझी भूमिका कडक आहे कारण बेशुद्ध पेशंट तक्रार करू शकत नाही. १९ वर्षांच्या पोराचं बांधावरचं भांडण ही गोष्टच वेगळी. त्याला सांगा, घाबरून शिक्षण सोडायचा विचार पण मनात आणू नको, मुलगे नर्सिंगला कमी येतात आणि वॉर्डात त्यांची फार गरज असते.

मोहोळची_ताई

वकीलसाहेब, सिस्टर, दोघांचे लई उपकार. वडलांना फोन लावला, तुमचं सगळं वाचून दाखवलं, आधी चिडले पण "दंड म्हणजे शिक्षा" हे ऐकल्यावर गप्प झाले.

तुम्ही विचारलं ते सांगते. फिर्यादीत लिहिलंय की मोठ्या भावानं खोऱ्याच्या दांड्यानं मारलं, म्हणून ३२४. धाकट्यानं हातानं मारलं आणि शिव्या दिल्या एवढंच लिहिलंय. सर्टिफिकेटमध्ये चुलत्यांना साधी जखम आहे. आणि बोलणं म्हणाल तर दोन वर्षं बंद होतं, पण मागच्या दिवाळीत आजी वारली तेव्हापासून येणंजाणं सुरू झालंय. बांधाची मोजणी पण भूमी अभिलेखवाल्यांकडून होऊन खुणा लागल्यात, त्यामुळं आता भांडायला काही उरलंच नाही खरं तर. आणि हो, चुलत्यांचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करायलाय, आमच्या क्रॉस केसमध्ये त्याचं नाव आहे.

फौजदारी_वकील_सोलापूर

ताई, मग तर तुमचं काम निम्मं झालंय. चुलत भावाला पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी लागणार आणि ती नर्सिंगपेक्षा कितीतरी कडक असते, म्हणजे केस संपवायची गरज त्यांना तुमच्याइतकीच आहे. दोन्ही घरांनी एका दिवशी बसा, शक्यतो गावातलं कुणी मोठं माणूस सोबत घ्या.

कायद्यात कसं आहे सांगतो. ३२३, ५०४ आणि ५०६ चा साधा भाग हे आपसात मिटवता येतात, ज्याला मार लागला त्यानं मोहोळच्याच कोर्टात तडजोड दिली की झालं, लोकअदालतीत पण होतं. आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्येच तसं लिहिलंय. घोडं अडतं ३२४ वर. ते पूर्वी कोर्टाच्या परवानगीनं मिटवता यायचं, पण संहितेत दुरुस्ती होऊन ते त्या तक्त्यातून काढलं, त्यामुळं खालच्या कोर्टाच्या हातात आता ते नाही. त्यासाठी हायकोर्टात जायचं, पूर्वीचं कलम ४८२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५२८. दोन्ही बाजू एकत्र येऊन सांगतात की आमचं मिटलंय, फिर्यादी तसं प्रतिज्ञापत्र देतो, आणि घरगुती किंवा खाजगी स्वरूपाचं भांडण असेल तर हायकोर्ट गुन्हाच रद्द करू शकतं, सुप्रीम कोर्टानं २०१२ साली ग्यान सिंग प्रकरणात हा रस्ता स्पष्ट करून दिलाय. कधी कधी कोर्ट दोन्ही पार्ट्यांना खर्च म्हणून काही रक्कम भरायला लावतं, तेवढी तयारी ठेवा.

आपल्यासाठी चांगली गोष्ट म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची हायकोर्टातली कामं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला चालतात. नाहीतर याच कामासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर मुंबईला जायचं, तिथं राहायचं, म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे. दोन्ही क्रॉस केसेसच्या याचिका सोबतच दाखल करा म्हणजे एकानं माघार घ्यायची भीती राहत नाही.

समजा काही कारणानं नाहीच मिटलं तर? तर केस लढा. धाकट्याच्या हातात हत्यार नव्हतं हे फिर्यादीतच आहे, तो मुद्दा वकिलानं नीट मांडला पाहिजे. मात्र साक्षीदारांना खोटं बोलायला लावून सुटायचा सल्ला कुणी दिला तर त्यात पडू नका, एक भानगड मिटवताना दुसरी अंगावर घेऊ नका. आणि निकाल विरुद्ध गेलाच तर शिक्षा सुनावायच्या आधी वकिलानं अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ चा अर्ज केलाच पाहिजे, तोंडी का होईना मागणी केलीच पाहिजे. त्यातल्या कलम ३ किंवा ४ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं तर कलम १२ लागू होतं, ते म्हणतं की दुसऱ्या कुठल्याही कायद्यात दोषसिद्धीमुळं जी अपात्रता येते ती या माणसाला लागणार नाही. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनसाठी हे कलम सोन्यासारखं आहे आणि आमच्यातलेच कित्येक वकील ते मागायचं विसरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात पोरांची करिअर जातात. पण १२ नं दोषी ठरल्याची घटना पुसली जात नाही, नोकरी देणारा तिचा विचार करू शकतो आणि फॉर्मवर विचारलं तर लिहावंच लागतं.

फॉर्मबद्दल. प्रश्न शब्दन् शब्द वाचा. "अटक झाली होती का", "खटला प्रलंबित आहे का", "शिक्षा झाली आहे का" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. खाजगीत बऱ्याचदा शिक्षेचंच विचारतात, सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी भरून द्यायचा फॉर्म) मात्र अटक, गुन्हा, खटला सगळंच विचारतात, सुटलेला असला तरी. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, कलमं, आजची स्थिती लिहायची आणि कागद जोडायचे. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हेच सांगितलंय, माहिती खरी असली पाहिजे, लपवली तर नोकरी जाऊ शकते, आणि किरकोळ स्वरूपाची केस असेल तर मालकानं वय आणि परिस्थिती बघून सोडून द्यायला हरकत नाही. खरं लिहिलं म्हणजे नोकरी मिळालीच असं नाही, पण ज्यानं लिहिलंय त्याच्या बाजूनं आम्हाला भांडता येतं.

सातरस्ता_८५

साहेब, हे कलम ५३ चं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांचा पोरगा डी.फार्म करतोय आणि दंड भरणाऱ्यात त्याचं पण नाव होतं. त्यांना आता काय करता येईल?

फौजदारी_वकील_सोलापूर

निकालाची नक्कल काढून एखाद्या वकिलाला दाखवू द्या. कधी कधी कोर्टानं परिवीक्षेखालीच सोडलेलं असतं आणि घरच्यांना तो दंडच वाटतो. खरंच दंडाची शिक्षा असेल तरी फार्मसी कायद्याच्या कलम ३६ मध्ये "लायक नाही असं वाटलं तर" हे शब्द आहेत, आपोआप नाव जात नाही. त्यानं ते लपवू नये एवढंच कळकळीनं सांगा.

बार्शीकर_मामा

माझा भाचा पण फार्मसीला आहे म्हणून इथंच विचारतो. तो अकरावीत असताना कॉलेजच्या गेटवर भांडण झालेलं, पोलिसांनी नाव घेतलं होतं, बाल न्याय मंडळापुढं नेलं आणि तिथं समज देऊन सोडलं. बहिणीनं तेव्हापासून धसका घेतलाय की पोराला लायसन्स मिळणार नाही. खरं का?

फौजदारी_वकील_सोलापूर

मामा, बहिणीला सांगा निवांत झोप. १८ च्या आतल्या मुलासाठी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ आहे, मंडळानं त्या कायद्याखाली प्रकरण हाताळलं तर दोषसिद्धीमुळं येणारी कुठलीही अपात्रता त्या मुलाला लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे. अपवाद एकच, १६ पूर्ण झालेल्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला आणि त्याला मोठ्या माणसासारखं चालवलं गेलं तर. गेटवरच्या भांडणाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी पण लक्षात घ्या, फिर्यादीत पोलीस वय अंदाजे टाकतात. दहावीचं सर्टिफिकेट काढून बघा, घटनेच्या दिवशी पोरगा साडेसतरा वर्षांचा निघाला तर हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, निकाल लागून गेला असला तरी.

कुवेतवाली_सिस्टर

मी अक्कलकोटची, सध्या कुवेतला आहे. मोहोळच्या ताईंना एवढंच सांगायचंय की भावाचा पुढं मागं बाहेर जायचा विचार असेल तर पासपोर्टचं पण आत्ताच बघा. केस कोर्टात चालू असली की पासपोर्ट अडतो, पण कायमचा नाही, ज्या कोर्टात केस आहे तिथून परवानगीचा आदेश आणला तर मिळतो, १९९३ ची केंद्राची अधिसूचना आहे तशी. माझ्या बॅचच्या एकीनं तसाच काढला. पण आदेशात मुदत लिहून घ्यायला सांगा वकिलाला, मुदत लिहिली नाही तर एकच वर्षाचा पासपोर्ट देतात आणि इकडं एक वर्षाच्या पासपोर्टवर कुणी उभं करत नाही. इकडच्या लायसन्सला पोलीस क्लिअरन्स लागतोच, तेव्हा केस निकाली निघालेली असेल तर सगळ्यात चांगलं.

मोहोळची_ताई

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री चुलतीशी बोलले, ती स्वतःच म्हणाली आमच्या पोराचं पण अडकलंय, मिटवू या. रविवारी दोन्ही घरं बसणार आहेत. वडील आता कबुली द्यायची नाही म्हणतात, गावाकडच्या वकिलांना तसं सांगितलंय, पुढच्या तारखेला मुदत मागणार आहोत. भाऊ फोनवर रडला, म्हणला मला वाटलं माझं संपलंच. सिस्टर, तुमचा मेसेज त्याला पाठवलाय.

एकच शंका राहिली, कोल्हापूरच्या वकिलाची फी आम्हाला जमेल का माहीत नाही. काही मदत मिळते का?

फौजदारी_वकील_सोलापूर

मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज करा, मोफत टोल फ्री नंबर १५१०० आहे. आई आरोपी आहे ना, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वडील आणि भावांसाठी उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला लागेल तो काढून ठेवा. हायकोर्टाच्या कामासाठी तिथली वेगळी विधी सेवा समिती असते, अर्ज कसा पाठवायचा ते हेच ऑफिस सांगतं.

आणि गुन्हा रद्द झाल्यावर लोक एक काम करायचं राहून देतात. आदेशाच्या प्रमाणित नकला चारपाच जास्तीच्या काढा. एक मोहोळ कोर्टात, एक पोलीस ठाण्यात द्या आणि पोहोच घ्या, कारण पोलिसांच्या कॉम्प्युटरला निकाल चढवलेला नसला तर व्हेरिफिकेशनमध्ये केस "प्रलंबित" म्हणूनच येत राहते आणि ऐन जॉइनिंगच्या वेळी पळापळ होते. उरलेल्या भावाच्या फाईलला लावून ठेवा, मार्कशीटांच्या सोबतच.